लादलेल्या सायकलीचे मागचे चाक: जाड स्पोक की नीट ताणलेले स्पोक?

वाटसरू: सामान लादून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याला ‘सर्वांत जाड स्पोक घाल’ असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मला पटत नाही. स्पोक एका धक्क्याने क्वचितच तुटतो; तो थकून तुटतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात जमिनीलगतच्या स्पोकांचा ताण क्षणभर उतरतो व पुन्हा चढतो आणि हे लाखो वेळा घडले की हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) भोकातून वळलेल्या कोपरापाशी भेग पडते. दोन्ही टोकांना २ मिमी आणि मध्ये १.८ मिमी असलेला स्पोक तितक्याच ताणाला अधिक लांबतो, त्यामुळे रिम (चाकाची बाहेरची कडी) दबली तरी तो सहजासहजी सैल पडत नाही. असे ३६ स्पोक, पितळी निपल (स्पोक रिमला कसणारे छोटे नट) आणि एकेका बाजूच्या स्पोकांत आपसांत एकसारखा ताण, एवढे मला पुरे वाटते.

चक्रधर: कागदावर हे बरोबर आहे, पण मध्ये बारीक असलेली तार निपलची चावी फिरवताना स्वतःच पिळली जाते. निपल फिरले असे आपण समजतो आणि निघाल्यावर पहिल्याच काही मीटरांत ती टणटण करत उलगडते, की चाक आउट, म्हणजे वाकडे फिरू लागते! सरळ २ मिमीचा स्पोक नवख्या हातालाही साधतो आणि कुठल्याही लहानशा दुकानात मिळतो.

वाटसरू: पीळ काढता येतो. चावी थोडी जास्त फिरवून तेवढीच मागे घ्यावी आणि शेवटी समांतर जाणाऱ्या स्पोकांच्या जोड्या मुठीत करकचून आवळाव्यात. हे आवळणे बहुतेक जण टाळतात आणि मग दोष तारेला देतात. खरी अडचण मागच्या चाकाची आहे. गिअरच्या बाजूचे स्पोक खूप ताणावे लागतात आणि डाव्या बाजूला बऱ्याचदा त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच ताण उरतो. ते डावे स्पोक ढिले पडतात आणि त्यांची निपले आपोआप उलटी फिरू लागतात.

चक्रधर: मग बारीक तारेने ठिगळ लावण्यापेक्षा ती तफावतच कमी करावी. भोके एका बाजूला सरकवलेली रिम घेतली की दोन्ही बाजूंचा ताण जवळ येतो. शिवाय ब्रेकच्या घर्षणाने झिजून भिंत पातळ झालेल्या रिमवर उत्तम स्पोकही वाया जातात, त्याबद्दल आपण अवाक्षर काढलेले नाही.

वाटसरू: रिमचे मान्य. तरीही अशा रिमवरही डाव्या बाजूला मी बारीकच तार घालीन.

चक्रधर: घाला, पण उजव्या, डाव्या आणि पुढच्या स्पोकांची लांबी वेगवेगळी असते, तेव्हा तिन्हींचे दोन-दोन जादा स्पोक फ्रेमला चिकटवून ठेवा. आणि कॅसेट (मागच्या चाकावरचा गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच) काढायचे साधन विसरू नका, कारण गिअरच्या बाजूचा स्पोक तुटला तर कॅसेट न काढता नवा घालता येत नाही.