फुलेवाडा मुलांना कसा दाखवावा?

प्रश्न

नमस्कार. मी सातवीच्या वर्गाला इतिहास शिकवते. पुण्याच्या गंज पेठेतील महात्मा फुले वाडा, ज्याला पुष्कळजण समताभूमी म्हणतात, तो पाहायला पुढच्या महिन्यात मुलांना घेऊन जायचे आहे. गेल्या वर्षीही आम्ही गेलो होतो, पण माझी तयारी कमी पडली. मुलांनी भिंतीवरची चित्रे पाहिली, अंगणातल्या समाधीला नमस्कार केला, रांगेत उभे राहून फोटो काढले आणि वीस मिनिटांत आम्ही बाहेर आलो. चपला घालताना एका मुलीने विचारले, "बाई, इथे त्यांची भांडी, कपडे, अंथरुणं काहीच कसं नाही? मग हे घर कसं?" तिचा प्रश्न रास्त होता आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही. वस्तू फारशा उरलेल्या नाहीत अशा घरात मुलांना नेमके काय दाखवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १

त्या मुलीने विचारलेला प्रश्नच या वेळी भेटीच्या सुरुवातीला मुलांपुढे ठेवावा, असे मला वाटते. या घरात वस्तू कमी आहेत हे खरे, परंतु या घराच्या आश्रयाला कोण कोण आले याची नोंद मात्र आपल्याकडे आहे, आणि घराचे मोठेपण त्यातच आहे.

सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे उपलब्ध आहेत. त्यांपैकी २९ ऑगस्ट १८६८ रोजी नायगावहून, म्हणजे माहेरहून, लिहिलेले पत्र आपण अवश्य सोबत न्यावे. पंचांग सांगत गावोगाव फिरणारा गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार समाजातील मुलगी यांचे प्रेम जमले, तिला दिवस गेले, आणि संतापलेले गावकरी त्या दोघांना मारायला निघाले. हे कळताच सावित्रीबाई धावत तिथे गेल्या, इंग्रजी कायद्याने याची काय शिक्षा होईल ते त्यांनी जमावाला बजावले आणि दोघांचेही जीव वाचवले. पत्राच्या शेवटी त्या पतीला कळवतात की या दोघांना आता तुमच्याकडे पाठवीत आहे. त्यांना घरात घ्याल का, अशी विचारणा त्या पत्रात कुठेही नाही. आपले घर त्यांना आसरा देईल हे त्यांनी गृहीतच धरले आहे. मी माझ्या भाच्यांना हे पत्र वाड्याच्या ओसरीवर बसून वाचून दाखवले होते. वाचून झाल्यावर धाकटा भाचा उठला आणि दारापाशी जाऊन उभा राहिला. ते दोघे याच दारातून आत आले असतील का, असे त्याने मला विचारले.

त्याच १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. हौद खुला करणे म्हणजे काय, हे आज नळाचे पाणी पिणाऱ्या मुलांना एका वाक्यात कळणार नाही. तेव्हा तिथेच थांबून, पाणी कोणी भरायचे, कोणी लांब उभे राहून वाट पाहायची, आणि एका घराने ही रीत मोडली तेव्हा शेजारपाजारचे काय म्हणाले असतील, याविषयी मुलांनाच बोलू द्यावे.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे. माझा आग्रह मात्र समाधीसाठी आहे, कारण बहुतेक सहली तिथे फक्त हात जोडतात आणि पुढे जातात. जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र केले. आपला देह जाळू नये, मिठात घालून पुरावा, अशी इच्छा त्यांनी त्यात लिहून ठेवली होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले, पण वस्तीच्या जागेत दफन करायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही. ज्या नगरपालिकेचे ते स्वतः १८७६ पासून काही वर्षे सदस्य होते, तीच ही नगरपालिका. अखेर दहन करावे लागले. दत्तक मुलगा यशवंत याच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या, त्यांनी टिटवे, म्हणजे अंत्ययात्रेत पुढे धरायचे मडके, हाती धरले आणि पतीला अग्नी दिला. अंगणात आज आपण जे तुळशीवृंदावन पाहतो, तिथे त्यांच्या अस्थी आहेत.

वृंदावनापाशी मुलांना आधी काहीही न सांगता दोन मिनिटे नुसते पाहू द्यावे आणि मग मिठाची गोष्ट सांगावी. जी इच्छा पुरी झाली नाही तिची ही खूण आहे हे एकदा कळले की मुले त्या दगडी चौथऱ्याकडे निराळ्या नजरेने पाहतात.

उत्तर ३

एक सावधगिरीची सूचना करतो. उत्साहाच्या भरात फुले दांपत्याच्या आयुष्यातील प्रत्येक घटना याच वाड्यात घडली असे सांगितले जाते. तसे होऊ देऊ नये. १८४८ सालची मुलींची शाळा बुधवार पेठेतील भिडे वाड्यात सुरू झाली. 'महात्मा' ही पदवी १८८८ साली मुंबईच्या सभेत देण्यात आली. सावित्रीबाईंचे निधनही या घरातले नाही. १८९७ च्या प्लेगच्या साथीत मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या यशवंतरावांच्या दवाखान्यात नेले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च रोजी त्या गेल्या. मुलांच्या हाती पुण्याचा नकाशा देऊन ही ठिकाणे त्यावर खुणा करून दाखवलीत, तर वाड्यातून निघून हे दोघे रोज कुठे कुठे जात होते ते त्यांच्या ध्यानात येईल.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांची मनापासून आभारी आहे. पत्र वाचायचे आणि नकाशा न्यायचा हे नक्की केले आहे. एक अडचण उरते. १८६३ साली फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, त्याविषयी बारा वर्षांच्या मुलांशी बोलावे का? काही पालकांना ते रुचणार नाही, अशी मला भीती वाटते.

उत्तर ४

मी स्वतः शिक्षिका आहे आणि दोन मुलांची आईसुद्धा. बोलावे, आणि साध्या शब्दांत बोलावे. लहान वयात विधवा झालेल्या मुलींना पुन्हा लग्न करता येत नसे. त्यांच्यावर कोणी अत्याचार केला आणि मूल होणार असे दिसले, तर सगळा दोष त्यांच्याच माथी येई, आणि त्या भीतीपोटी स्वतःचा किंवा बाळाचा जीव घेतला जाई. अशा बायकांनी गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा इथेच ठेवावे, अशी सोय या दोघांनी केली आणि पुण्यात तशी पत्रके लावली. त्या बाळांचे सगळे सावित्रीबाई करीत. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला, तो पुढे डॉक्टर झाला. एवढे सांगितले तरी पुरते, आणि यात पालकांनी हरकत घ्यावी असे काहीच नाही. माझ्या वर्गातील मुलांनी मला एकच विचारले होते, ती बाळे मोठी होऊन कुठे गेली. आपल्या मुलांनीही विचारले तर यशवंताचे आपल्याला सांगता येईल.

शक्य असल्यास रविवार टाळून सकाळी लवकर जावे. गर्दी नसली म्हणजे ओसरीवर बसून पत्र वाचता येते आणि मागच्या मुलांनाही ऐकू जाते.