हिरवा पडलेला तलाव पूर्ण रिकामा न करता निवळता येईल का?

मेघवाट:
पुण्याजवळच्या आमच्या बंगल्यात ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल असा पोहण्याचा तलाव आहे. मे महिन्याच्या उन्हात त्याचे पाणी गडद हिरवे झाले असून पाण्याखालची दुसरी पायरीसुद्धा दिसत नाही. गेली काही वर्षे त्यात टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्लाच्या) क्लोरीन गोळ्याच वापरल्या जात आहेत, आणि त्यांचे प्रमाण दुप्पट करूनही फरक पडलेला नाही. देखभाल करणारे गृहस्थ सर्व पाणी सोडून देऊन नव्या पाण्यात मोरचूद टाकावे असे सांगतात. परंतु या दिवसांत टँकर मिळवणे सोपे नाही. दुसरा काही उपाय आहे का?

नितळ:
उपाय आहे, मात्र थोडे पाणी बहुधा सोडावेच लागेल. टीसीसीएची गोळी विरघळताना क्लोरीनबरोबर सायन्युरिक आम्लही पाण्यात उतरते. १० पीपीएम (दशलक्ष भागांत १० भाग) क्लोरीनमागे ते सुमारे ६ पीपीएमने वाढते. ३० ते ५० पीपीएमपर्यंत हे आम्ल क्लोरीनचे उन्हापासून रक्षण करते, पण ते फार साचले की क्लोरीनला इतके बांधून ठेवते की चाचणीत क्लोरीन दिसत असूनही शेवाळ मरत नाही. ते वाफेबरोबर उडून जात नाही आणि फिल्टरमध्येही अडकत नाही, त्यामुळे गोळ्या वाढवण्याने दुखणे वाढतच गेले असावे.

प्रथम गोळ्या बंद करून हे आम्ल मोजून घ्यावे. ते १०० पीपीएम असेल तर निम्मे पाणी बदलल्यावर ५० वर येईल. त्यानंतर पीएच ७.२ च्या आसपास आणून संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट घालावे. तुमच्या तलावात सुमारे ४५,००० लिटर पाणी मावते. १० टक्क्यांचे ४.५ लिटर द्रावण त्यात १० पीपीएम क्लोरीन वाढवते. आम्ल ५० असताना क्लोरीन साधारण २० पीपीएमवर टिकवावे लागते, म्हणजे सुरुवातीला ९ लिटर, आणि पुढे जेवढे खर्च होईल तेवढी भर. पंप अखंड चालू ठेवावा, भिंती व पायऱ्या रोज ब्रशने घासाव्यात, आणि फिल्टरचा दाब नेहमीपेक्षा ८ ते १० पीएसआयने चढला की बॅकवॉश करावा, म्हणजे पाणी उलटे फिरवून फिल्टर धुवावा. ब्लीचिंग पावडर आणि टीसीसीए चुकूनही एका भांड्यात किंवा एकाच मापाने हाताळू नयेत. त्यांच्या मिश्रणाने आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो.

कातळशिल्प:
मोरचुदाने शेवाळ मरते हे खरे, पण त्यातले तांबे पाण्यातच राहते. पुढे टाइल्सवर डाग पडतात आणि फिकट केसांवर हिरवट झाक चढते. मी तरी ते टाळेन. तुरटी मात्र उपयोगी आहे, फक्त तिची वेळ साधायला हवी. शेवाळ मरून पाणी दुधट झाल्यावर तुरटी फिरवावी, पंप बंद करून रात्रभर गाळ बसू द्यावा, आणि तो फिल्टरमध्ये न नेता व्हॅक्यूमने थेट बाहेर काढावा. तुरटीमुळे पीएच खाली येतो, म्हणून नंतर तो पुन्हा तपासावा.

मेघवाट:
दोघांचेही आभार. चाचणीत आम्ल १०० निघाले, म्हणून निम्मे पाणी बदलून द्रावण घातले. पाणी आता राखाडी दिसते, परंतु क्लोरीन तपासण्याच्या डीपीडी गोळीने नमुन्याला रंगच येत नाही. क्लोरीन संपले असे समजावे का?

नितळ:
लगेच तसे समजू नये. क्लोरीन फार जास्त असले तरी डीपीडीचा गुलाबी रंग उडून जातो. एक भाग नमुन्यात चार भाग क्लोरीनविरहित स्वच्छ पाणी मिसळून पुन्हा पाहावे आणि आकड्याला ५ ने गुणावे. रात्रभरात क्लोरीन १ पीपीएमपेक्षा जास्त घटले नाही आणि पाणी आरशासारखे स्वच्छ झाले, तर द्रावण वाढवणे थांबवावे. पुढेही रोजच्या क्लोरीनसाठी हेच द्रावण वापरावे, गोळ्या नकोत.