मदत हवी आहे: जुन्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसला कोन फिल्टर आणि रिमॅप, यवतमाळच्या उन्हाधुळीत

मंडळी, राम राम.

गाडी २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस. १.८ टर्बो पेट्रोल, कागदावर १५० हॉर्सपॉवर आणि २१० न्यूटन मीटर. मी तिसरा मालक. मीटरवर एक लाख चौतीस हजार आहेत, त्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पाच दारांच्या, एवढी डिकी असलेल्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणावं का, हा वाद इथे कृपया नको. डिकीत सरकीच्या ढेपेची दोन पोती आरामात बसतात, आणि घरात तिची बाजू मांडायला मला तेवढा एकच मुद्दा सापडला आहे.

राहतो दारव्हा तालुक्यात, कारंजा रस्त्याच्या बाजूला. कारंज्याला समृद्धीवर चढलं की नागपूर, महिन्यातून दोन फेऱ्या. बाकी वेळ गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये. म्हणून बाबा तिला 'शकुंतला' म्हणतात. बाहेरगावच्यांसाठी: शकुंतला म्हणजे दारव्ह्यावरून जाणारी आमची यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज, आता बंद पडलेली. तिचं वाफेचं इंजिन काढून डिझेल लावलं १९९४ ला. मी रिमॅपचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलून ताकद वाढवायचा) विषय काढला की बाबा म्हणतात, "तिचं इंजिन बदलाले सत्तर वर्षं लागले, तू काऊन इतकी घाई करून राहिला?"

घाईचं कारण असं. घेतली तेव्हा तीन हजारच्या आत टर्बो पाठीत गुद्दा मारायचा. होळीनंतर तो गुद्दा गेला. ओव्हरटेक करताना गाडी ओढत नाही, थांबली की आरपीएम वरखाली होतो, अकराचा ॲव्हरेज नवावर आला. इंजिनाचा दिवा मात्र पेटत नाही.

पुण्याहून वापरलेला कोन फिल्टर (कंपनीच्या डब्याऐवजी लावायचा उघडा, शंकूसारखा हवेचा फिल्टर) मागवून ठेवला आहे, अजून बसवला नाही. नागपूरचा एक ट्यूनर स्टेज वन रिमॅपचे (भाग न बदलता, फक्त प्रोग्राम बदलून) पस्तीस हजार सांगतो आणि १९० हॉर्सपॉवर देतो म्हणतो. दुसरा एक जण म्हणतो, केबल आणि लॅपटॉप तुमचा, फाइल पाठवतो, निम्म्यात काम होईल.

मला विचारायचं ते एवढंच. आधी फिल्टर की आधी रिमॅप? घरबसल्या फाइल टाकण्यात धोका किती? आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, त्यात हे इंजिन रिमॅप झेपेल का?

नॉक_सेन्सर, अकोला

भाऊ, तुम्ही जे वर्णन केलं ते तब्येत बिघडल्याचं आहे, ताकद कमी असल्याचं नाही. तापात माणसाला तालमीत पाठवत नाहीत.

या गाडीत बॉशची एमई ७.५ ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आहे. एअरबॉक्सच्या तोंडाशी मास एअर फ्लो (एमएएफ) सेन्सर बसतो, तो आत गेलेली हवा ग्रॅममध्ये मोजतो आणि त्या हिशोबाने पेट्रोल सुटतं. सेन्सर आणि टर्बोच्या मधल्या रबरी नळीला चीर असेल तर तिथून न मोजलेली हवा आत शिरते आणि सगळा हिशोब चुकतो. वीस वर्षांच्या रबरात चीर नसेल तर मला नवल वाटेल. त्यावर रिमॅप चढवला तर चुकीच्या हिशोबावर व्याज लावल्यासारखं होईल.

केबल आणि व्हीसीडीएस (ईसीयूतले आकडे लॅपटॉपवर दाखवणारं सॉफ्टवेअर) मिळवा, आणि इंजिनच्या मेझरिंग ब्लॉकमध्ये ००३, ०२०, ०३२, ११५ हे गट बघा. ००३ मध्ये हवा ग्रॅम प्रति सेकंद दिसते. ढोबळ नियम: जेवढे हॉर्सपॉवर त्याच्या ०.८ पट ग्रॅम. म्हणजे निरोगी १५० ला १२० च्या आसपास. लॉग, म्हणजे गाडी दाबताना या आकड्यांची नोंद, तिसऱ्या गिअरात चांगला येतो, पण समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे, म्हणून दुसऱ्यात सहा हजारांपर्यंत न्या, शंभराच्या आत भागतं.

कोन फिल्टरबद्दल: बॉनेटखाली उघडा कोन म्हणजे इंजिनाचीच गरम वाफ इंजिनाला पाजणं. कंपनीचा डबा समोरच्या जाळीमागून, बाहेरची हवा घेतो. २५ अंशांपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे सहा टक्के विरळ असते, हा तोटा तर आपल्याकडे ठरलेलाच. वर बॉनेटखालच्या साठ-सत्तर अंशांची भर कशाला? कोनचा फायदा काय तर आवाज. तो छान येतो, हे मी मान्य करतो.

काळी_माती

मला गाडीतलं काही कळत नाही, ट्रॅक्टरमधलं कळतं. आमच्या जुन्या ट्रॅक्टरला ऑइल बाथ फिल्टर होता. रोटाव्हेटर चालवला की वाटीतल्या तेलाची संध्याकाळपर्यंत लापशी व्हायची. ती लापशी रोज बघणारा माणूस मोठ्या छिद्रांचा फिल्टर इंजिनाला लावणार नाही. शेजाऱ्याने एक हंगाम फाटक्या फिल्टरवर काढला, पुढच्या हंगामात रिंग-पिस्टन. टर्बोचा पंखा तर मिनिटाला लाखाच्या वर फिरतो म्हणतात, त्याला आपली धूळ म्हणजे रेजमाल.

टप्पा_दोन

कोन तेल लावलेल्या कापडाचा असेल तर अजून एक कटकट. धुतल्यावर तेल जास्त लागलं की ते उडून सेन्सरच्या फिल्मवर बसतं आणि रीडिंग कमी येतं. सेन्सर फक्त एमएएफ क्लीनरने धुवा. कार्ब क्लीनरने धुऊन मी एक सेन्सर घालवला आहे.

आणि कागदांचं: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल वाचून घ्या. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाच्या बाहेर बदल चालत नाहीत. तुमची गाडी पंधरा वर्षांपुढची, म्हणजे दर पाच वर्षांनी पासिंग. विमा कंपनीही क्लेमच्या वेळी फाटे फोडू शकते. हे माहीत असून करायचं असेल तर तुमची मर्जी.

धागाकर्ता

धन्यवाद मंडळी. केबल मागवली, काल पहाटे पाचला आणि दुपारी तीनला, दोन्ही वेळा त्याच रस्त्यावर लॉग घेतला. घरच्यांना दूध आणायला जातो सांगितलं, दोन्ही वेळा.

हवा: पहाटे ९४, दुपारी ८८ ग्रॅम. ०२० मध्ये इग्निशन मागे ओढणं (नॉक, म्हणजे इंजिनातला अवेळी भडका, टाळायला ठिणगी उशिरा टाकणं): पहाटे ३ अंशांपर्यंत, दुपारी साडेसात. ०३२ मध्ये पहिला आकडा अधिक ४.८ टक्के, दुसरा अधिक १२. ११५ मध्ये मागितलेला बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आणि मिळालेला बूस्ट यांत दोनशे मिलिबारपेक्षा जास्त फरक.

म्हणजे मी १५० च्या नावाखाली ११५ ची गाडी हाकतो आहे का?

नॉक_सेन्सर, अकोला

जवळपास तेवढीच. आकडे बोलके आहेत. ०३२ मधला पहिला आकडा आयडलवरची दुरुस्ती सांगतो, तो वर गेला म्हणजे कुठेतरी हवा शिरते आहे. दुसरा चालत्या गाडीचा. त्या बारामध्ये एक वाटा ई-२० पेट्रोलचा धरा. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, वीस टक्के इथेनॉल असलं की साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला आठेक टक्के पेट्रोल जास्त. ईसीयू लॅम्डा सेन्सरचं (तो धुरातला ऑक्सिजन मोजतो) ऐकून ते भरून काढते. म्हणून आठपर्यंत घाबरू नका, त्याच्या वरचं शोधा. ॲव्हरेजचाही थोडा भाग त्यातच गेला आहे.

एक गोष्ट मात्र ई-२० ची बरी: ऑक्टेन. नॉकिंगला ते चांगलं. पण तुमची पेट्रोलची रबरी नळी २००५ ची असेल तर आधी ती बदला. ही गोष्ट हॉर्सपॉवरच्या आधी येते, कारण तिचा संबंध आगीशी आहे.

बूस्टसाठी डायव्हर्टर व्हॉल्व्ह (टर्बोचा जादा दाब सोडणारी झडप) काढा. आतला पिस्टन बोटाने दाबा, वरच्या बारीक नळीचं तोंड दुसऱ्या बोटाने बंद करा, मग पिस्टन सोडा. दाबलेला राहिला तर पडदा शाबूत. वर आला तर फाटलाय.

धागाकर्ता

सापडलं. सविस्तर लिहितो, कारण हसू आवरत नाही.

गावातला मिस्त्री बोलावला. हा माणूस थ्रेशरपासून पिठाच्या चक्कीपर्यंत सगळं खोलतो, पण स्कोडाला त्याने पहिल्यांदा हात लावला. एअरबॉक्सचे स्क्रू काढले, झाकण उचललं आणि दोन मिनिटं तो बोललाच नाही. मग म्हणाला, "बापा, इथं तं उंदरानं संसार मांडला हाये."

फिल्टरच्या खालची अर्धी जागा कापसाने ठासलेली. साधा कचरा नाही, नीट पिंजलेला, गोल वळलेला रुई-कापूस, मधोमध वाटीएवढी उबदार जागा, कडेला सोललेल्या सरकीची टरफलं आणि माझ्या हेडलाइटच्या वायरच्या टेपचे निळे तुकडे. शेजारच्या खोलीत डिसेंबरपासून भाव वाढायची वाट बघत कापूस पडला होता, त्यातला हा उंदराचा हिस्सा. कापूस विकला होळीला. म्हणजे त्यानंतर उंदराने गाडीतच मुक्काम केला असणार. हवा जाते ती जाळीकडची नळी तीन-चतुर्थांश बंद. गुद्दा का गेला ते कळलं.

मग गळती. मोटारपंपाच्या दुकानातून पीव्हीसीची टोपी आणली, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला. सेन्सर काढून ती टोपी रबरी नळीत क्लॅम्पने आवळली आणि फवारणीच्या पंपात साबणाचं पाणी घेतलं. मिस्त्री टायरमधल्यासारखी तीस पौंड हवा मारायला निघाला होता, त्याचा हात धरला, दहावर थांबवलं. टर्बोच्या तोंडाजवळच्या वळणावर, क्लॅम्पच्या अगदी खाली, बुडबुड्यांची द्राक्षं लटकली. इनटेक मॅनिफोल्डखाली ब्रीदरची (इंजिनातली वाफ वाहून नेणारी) एक नळी तर हात लावताच बिस्किटासारखी तुटली. डायव्हर्टरचा पिस्टन बोटाखाली राहीना, पडदा फाटलेला.

नळी, ब्रीदर, डायव्हर्टर, कागदाचा नवा फिल्टर आणि पेट्रोलची नळी मिळून साडेअकरा हजार. जाळीच्या तोंडाला मिस्त्रीने बारीक जाळी लावून दिली, आता उंदराला बाहेरूनच नमस्कार.

काल पहाटेचा लॉग: हवा ११८. ०३२ मध्ये ०.६ आणि ७. बूस्टचा फरक तीस-चाळीसवर आला. गुद्दा परत आला आहे. बाबांना शेजारी बसवून कारंजा रोडला दुसऱ्या गिअरात दाबली. काही बोलले नाहीत, पण खिडकीवरचं हँडल धरलं.

दुपारी इग्निशन अजून साडेचार अंश मागे जातंच. आता रिमॅपचं सांगा.

नॉक_सेन्सर, अकोला

ते साडेचार अंश म्हणजेच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. या गाडीचा इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा गार करणारा) पुढच्या चाकासमोरच्या कोपऱ्यात, पुस्तकाएवढा. मेमधल्या दुपारी ॲक्सिलरेटर दोनदा दाबला की तो तापतो. स्टेज वनमध्ये बूस्ट एक बारच्या आसपास जातो, तेव्हा हवा अजून गरम, नॉक अजून जास्त, आणि ईसीयू पुन्हा इग्निशन मागे ओढणार. पहाटे १९०, दुपारी कदाचित १६५. पैसे मात्र १९० चेच.

करायचाच असेल तर क्रम असा ठेवा. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते आधीच्या मालकाला विचारा, माहीत नसेल तर बदललाच नाही असं समजा, आणि सोबत वॉटर पंपही टाका, जुन्या पंपांचा पंखा प्लास्टिकचा असतो. मग व्हीडब्ल्यू ५०२ चं सिंथेटिक ऑइल, एक टप्पा थंड स्पार्क प्लग ०.७ ते ०.८ मिलिमीटर गॅपने. मग क्लच: टॉर्क अडीचशेच्या वर गेला की जुना क्लच चौथ्या गिअरात घसरायला लागतो.

घरबसल्या फाइल मात्र टाकू नका. लिहिताना मध्येच लोडशेडिंगने चार्जर गेला किंवा गाडीची बॅटरी बसली तर ईसीयूचा दगड होतो, आणि तो दगड बाकावर उघडून जिवंत करणारा माणूस दारव्ह्यात नाही. शिवाय तयार फाइलला आपलं ऊन माहीत नसतं. नागपूरवाल्याला विचारा: दुपारी, ई-२० भरून, माझ्यासमोर लॉग घेऊन फाइल बदलून देणार का? हो म्हणाला तरच पैसे द्या. फक्त डायनोचा (ताकद मोजायच्या यंत्राचा) कागद दाखवत असेल तर चहा पिऊन परत या.

धागाकर्ता

विचारलं. तो म्हणाला, "दुपारी कशाला, सकाळी या ना." चहा पिऊन परत आलो.

बेल्ट आणि क्लच दिवाळीनंतर, कापूस आला की. तोपर्यंत १५० पुरे. कोन फिल्टर पडून आहे, कुणाला हवा असेल तर सांगा, घेतला त्याच भावात देतो.

काळी_माती

बुलेटला बसेल का?

धागाकर्ता

बसणार नाही भाऊ. आणि बसला तरी तुम्हीच तर नको म्हणाला होता.