जंतू मारावा की त्याची सुरी म्यानातच ठेवावी?

कोथरूडकर: पावसाळ्यात बाबांच्या पायाला जखम झाली. मधुमेह जुना. पू तपासला तर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू (थोडक्यात स्टॅफ), आणि नेहमीच्या बऱ्याच औषधांना दाद न देणारा. ड्रेसिंगला नेता-आणता महिनाभर मी या जंतूबद्दल मिळेल ते वाचलं. माझं मत आता पक्कं झालंय: त्याला मारण्यापेक्षा त्याची सुरी म्यानात ठेवणारं औषध हवं.

सुरी म्हणजे प्रोटिएज, प्रथिनं कापणारी एन्झाइमं. जंतू ती वाटेल तेव्हा उपसत नाही. प्रत्येक पेशी एक छोटं पेप्टाइड बाहेर सोडते. गर्दी वाढली की ते साठतं, एजीआर नावाची यंत्रणा जागी होते, चिकटून राहण्याची प्रथिनं कमी होतात आणि प्रोटिएज नि विषं बाहेर पडू लागतात. तीही म्यानासकट, म्हणजे धार झाकणाऱ्या एका तुकड्यासकट! ऑरिओलायसिन व्ही-८ प्रोटिएजचं म्यान कापतं, व्ही-८ पुढे स्टॅफोपेन-बीचं. स्टॅफोपेन-बी चुकून पेशीच्या आतच सुटलं, तर त्याला धरायला स्टॅफोस्टॅटिन नावाचं प्रथिन तयार असतं. एवढी काळजी कशाला, तर सुरी धन्यालाही कापते म्हणून. या साखळीत कुठेतरी खीळ घालता येईलच ना? जंतू मरत नसेल तर प्रतिकार निर्माण होण्याचा रेटाही कमी. पिंपरीत १९५५ साली पेनिसिलिन निघू लागलं. आज बहुतेक स्टॅफ त्याला जुमानत नाही.

पेठेतला_डॉक्टर: ताई, बाबांना लवकर आराम पडो. पण मत पटत नाही. स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनिस (स्ट्रेप) हा दुसरा जंतू घ्या. त्याची सुरी म्हणजे स्पेबी हे प्रोटिएज: ४० किलोडाल्टन (प्रथिनाच्या वजनाचं एकक) वजनाची बनते, म्यान गळालं की २८ची उरते. ती आपल्या ऊती कापते, तशी जंतूची स्वतःची हत्यारंही कापते. जंतूच्या पृष्ठभागावरचं एम प्रथिन आणि एसडीए-१ हे डीएनए तोडणारं एन्झाइम, दोन्ही तिच्या तावडीत सापडतात. काही रुग्णांत जंतूच्या कोव्ह-एस या नियंत्रक जनुकात बिघाड होतो, स्पेबी जवळपास बंद पडते, एसडीए-१ शाबूत राहतं आणि आपल्या पांढऱ्या पेशींनी टाकलेलं डीएनएचं जाळं तोडून जंतू खोलवर, रक्तात शिरतो. म्हणजे सुरी म्यानात गेली आणि आजार चिघळला. शिवाय या जंतूवर पेनिसिलिन आजही चालतं. चालणारं औषध सोडून हा जुगार कशाला?

कोथरूडकर: डॉक्टर, कोव्ह-एस बिघडलं की फक्त स्पेबी जात नाही, जंतूभोवतीचं कवच आणि इतर विषंही वाढतात. एकट्या सुरीवर खापर कसं फोडता? आणि मांस कुजवणाऱ्या स्ट्रेप संसर्गात पेनिसिलिनसोबत क्लिंडामायसिन हे दुसरं ॲंटिबायोटिक का देतात? विषं बनणं थांबावं म्हणूनच ना?

पेठेतला_डॉक्टर: म्हणूनच. पण सोबत देतो, ऐवजी नाही. रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा सुरी आधीच चाललेली असते. गर्दीचा संदेश तेव्हा अडवून काय साधणार? आणि सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुप्फुसात वर्षानुवर्षं ठाण मांडणाऱ्या स्यूडोमोनास या जंतूमध्ये तर गर्दी ओळखणारं लास-आर हे जनुक बिघडलेले जंतू वारंवार सापडतात. ती यंत्रणा नसतानाही ते मजेत जगतात.

पाषाणची_संशोधक: मी क्षयाच्या जंतूवर काम करते. तुम्ही दोघंही बाहेर फेकलेल्या सुऱ्यांवरच भांडताय. पेशीच्या आतली क्लिप-पी ही कापणी-यंत्रणा बघा. तिच्या तोंडाशी राखणदार प्रथिनं असतात. कोणतं प्रथिन उलगडून आत सोडायचं ते तीच ठरवतात. एडेप नावाची संयुगं राखणदाराला बाजूला सारून स्टॅफमध्ये ते दार सताड उघडतात, मग जंतू स्वतःचीच प्रथिनं कापत सुटतो. २०१३ साली एडेप आणि रिफॅम्पिसिन हे ॲंटिबायोटिक एकत्र देऊन उंदरांमधला खोलवरचा स्टॅफ संसर्ग नाहीसा झाला होता. म्हणजे सुरी अडवण्याऐवजी मोकाट सोडायची.

पेठेतला_डॉक्टर: स्टॅफला क्लिप-पीशिवाय जगता येतं. ते जनुक टाकून देईल आणि सुटेल.

पाषाणची_संशोधक: एकट्या एडेपसमोर सुटतो, म्हणूनच रिफॅम्पिसिनची जोड होती. क्षयाच्या जंतूला मात्र क्लिप-पीशिवाय जगताच येत नाही, त्यामुळे आमच्याकडे ही वाट जास्त आशेची.

कोथरूडकर: स्ट्रेपबाबत मी माझं म्हणणं मागे घेते, डॉक्टर. स्टॅफबाबत नाही. बाबांच्या पायात ॲंटिबायोटिक चालू असतानाही कडेचं मांस रोज थोडं थोडं जात होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवसांत सोबत म्हणून का होईना, सुरी धरून ठेवणारं काही हातात असतं तर मी नाही म्हटलं नसतं.