लग्न ठरलंय, आता सुरुवात कुठून? गोव्यातल्या लग्नांचे अनुभव इथे लिहा

तुळशीचं लग्न झालं की आमच्या घरात दुसरा विषयच नसतो. यंदा माझ्या धाकट्या दिराचं आणि दोन मावसबहिणींचं ठरलंय आणि तिघांचेही फोन मला, कारण दोन वर्षांपूर्वी मी यातून गेलेय. परवा दीर विचारत होता, वयनी, सही (म्हणजे रजिस्ट्रारकडची लग्नाची नोंद) आधी की हॉल आधी? मला जेवढं माहीत तेवढं सांगितलं, पण माझं लग्न फोंड्यातलं, देवळातलं, आणि प्रत्येकाची गोष्ट वेगळी असते, म्हणून म्हटलं सगळ्यांनाच विचारावं. काय चुकलं, काय जमलं, कशावर पैसे उगाच गेले ते मोकळेपणाने लिहा, ज्यांचं लग्न ठरलंय त्यांना उपयोग होईल.

माझ्यापासून सुरुवात करते. आम्ही हॉल आधी धरला, पत्रिका छापल्या आणि सही शेवटी ठेवली, हे चुकलं. गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंद केल्याशिवाय लग्न कायद्याने होत नाही, भटजींनी कितीही मंत्र म्हटले तरी. आधी पहिली सही, मग रजिस्ट्रारकडे नोटीस लावतात, कोणाची हरकत आली नाही की साक्षीदारांसमोर दुसरी सही. पहिल्या सहीच्या दिवशी मी जन्मदाखला पुढे केला, क्लार्कबाईंनी बोट ठेवून दाखवलं, "बाय, हें नांव वेगळें आसा." जन्माच्या नोंदीत बारशाचं नाव आणि शाळेपासून पुढे सगळीकडे दुसरंच. पंचवीस वर्षं तो दाखला कपाटात होता आणि कोणी नीट वाचलाच नव्हता! ते निस्तरेपर्यंत महिना गेला, बाबांचे चार हेलपाटे झाले, आई देवाला गाऱ्हाणं घालून बसली. मुहूर्ताच्या आठ दिवस आधी दुसरी सही झाली तेव्हा कुठे मला झोप लागली. तेव्हा लग्न ठरल्या दिवशी, म्हणजे साखरपुड्याच्याही आधी, दोघांचे जन्मदाखले काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि आधार, पासपोर्ट, दहावीचं सर्टिफिकेट यांच्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघा.

मडगाव

ताईंनी सहीचं लिहिलं ते अगदी खरं. पण त्या सहीने नक्की काय होतं हे आमच्या वयाच्या मुलांना माहीतच नसतं, मलाही नव्हतं. मी बँकेत, बायको आर्किटेक्ट. तिच्या काकांनी, ते वकील आहेत, आम्हाला दोघांनाच एका रविवारी घरी बोलावून समोर बसवलं आणि विचारलं, तुम्ही कोणत्या पद्धतीने लग्न करताय? आम्ही म्हटलं, वैदिक. ते म्हणाले, ते नव्हे रे, मालमत्तेचं विचारतोय.

तर ते असं आहे. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला कौटुंबिक कायदा अजून चालतो. त्यात तुम्ही लग्नाआधी काही वेगळं लिहून दिलं नाही तर दोघांची मालमत्ता सामाईक होते, आधीची, नंतरची, वारशाने आलेली सुद्धा, आणि त्यात दोघांचा निम्मा निम्मा वाटा. म्हणूनच गोव्यात घर-जमीन विकायची तर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. वेगळं हवं असेल, म्हणजे ज्याचं त्याच्याकडे किंवा आधीचं वेगळं आणि लग्नानंतर कमावलेलं सामाईक, तर तसा करार नोटरीपुढे रीतसर दस्त करून लग्नाच्या आधीच व्हायला हवा. लग्न झाल्यावर बदलता येत नाही. हे वाक्य काकांनी दोनदा म्हटलं.

आम्ही दोघं त्या रात्री मडगावच्या पालिका बागेत बाकावर बसून पहिल्यांदा पैशांबद्दल बोललो. माझं कार लोन, तिच्या भावाच्या धंद्यात तिच्या बाबांनी घातलेले पैसे, माझ्या आईच्या नावावरचं घर, कोण किती कमावतं, कोणाला घरी किती द्यावे लागतात. दोन तास! मला आधी फार अवघड वाटलं, असं वाटलं की आपण लग्न सोडून सौदा करतोय, पण घरी जाताना इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू. शेवटी आम्ही करार केला नाही, सामाईकच ठेवलं, पण समजून उमजून ठेवलं. दोघांनाच बसू द्या, आईवडील नकोत त्या बोलण्यात, एवढं मला कळकळीने सांगायचंय.

आणि अजून एक, पहिल्या वर्षी आमचं आयकर रिटर्न चुकलं. ज्यांना हा सामाईक मालमत्तेचा कायदा लागू आहे त्यांचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे घरभाडं, एफडीचं व्याज, धंद्याचा नफा, हे नवरा-बायकोत निम्मं निम्मं धरून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. १९६१ च्या आयकर कायद्यात त्यासाठी ५ए हे वेगळं कलमच होतं. गोव्याबाहेरच्या सीएला हे पटकन लक्षात येत नाही, आमचा पुण्याचा होता. लग्न झालं की सीएला कळवा.

वाळपई

लहानसं पण महत्त्वाचं लिहिते. माझ्या मैत्रिणीची दुसरी सही डिसेंबरात झाली, देवळातलं लग्न एप्रिलमध्ये ठेवलं होतं. मधल्या काळात बिनसलं. घरच्यांना वाटलं लग्न झालंच नाही अजून, मोडलं तर मोडलं. पण कायद्याने ती विवाहित होती, सुटायला कोर्टात जावं लागलं आणि त्यात तिची ऐन उमेदीची वर्षं गेली, मध्ये एक चांगलं स्थळ आलेलं तेही गेलं. सही लवकर करा म्हणून सगळे सांगतात ते कागदपत्रांसाठी बरोबरच आहे, पण सही म्हणजे लग्नच, साखरपुडा नव्हे. मनाची पूर्ण तयारी असेल तेव्हाच ते पेन हातात घ्या. मुलींनो, खास करून तुम्ही.

कुडाळ, सासर म्हापसा

मी महाराष्ट्रातला, बायको गोव्याची. माझ्याकडे जन्मदाखल्याबरोबर रहिवासी दाखला आणि अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्रही मागितलं होतं. तालुक्याच्या रजिस्ट्रारकडे आधी एकदा नुसती यादी विचारायला जाऊन या, फोनवर अर्धवट कळतं. मी तीनदा बांद्याची सीमा ओलांडली, एकदाच पुरली असती.

दिवाडी

आमच्या बेटाला पूल नाही, फेरीबोट हाच रस्ता. दादाचं लग्न घरच्या मांडवात करायचं हे आजोबांचं स्वप्न होतं, तर वरात जाणार नव्हती, पाहुणेच येणार होते. मुहूर्त ११:४० चा. वधूकडची मंडळी तीन मिनी बस आणि सहा-सात गाड्या घेऊन जुन्या गोव्याच्या धक्क्यावर सव्वादहाला पोचली, आणि आम्ही सगळा हिशोब माणसांचा केला होता, गाड्यांचा केलाच नव्हता! एका फेरीत एक बस आणि थोड्या गाड्या मावणार, मग बोट पलीकडे जाऊन परत यायची. नवरी दुसऱ्या बसमध्ये. मी या बाजूला धक्क्यावर उभी, पलीकडे हिरव्या शालूतली ती दिसतेय, डोक्यात अबोलीची फाती म्हणजे गजरा, हातात नारळ, आणि मध्ये मांडवीचं पाणी. शेवटी तिच्या मामाने तिला हाताला धरून बसमधून खाली उतरवलं आणि ती दोघं चालत बोटीत चढली, बाकी सगळे मागून. या बाजूला आमच्या शेजाऱ्याने स्कूटर काढली. मुहूर्त साधला.

आता आमच्याकडे कोणाचं लग्न असलं की आम्ही सांगतो, गाड्या पलीकडेच पार्क करायच्या, माणसं चालत बोटीत, आणि इकडे धक्क्यावर दोन गाड्या ने-आण करायला. चोडणवाल्यांनी आणि नदीपलीकडे लग्न असलेल्या सगळ्यांनी हे आधीच ठरवा. पत्रिकेबरोबर नकाशा पाठवता तसं फेरीचंही लिहा.

कवळे

देवळातल्या हॉलबद्दल कोणीतरी लिहायला हवं. आमच्या फोंडा तालुक्यात लग्नं बहुतेक देवळांतच होतात, खर्च आटोक्यात राहतो, अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, पाहुण्यांची सोय होते, आणि देवीसमोर लग्न झाल्याचं समाधान वेगळंच. पण तारीख धरताना नुसतं पंचांग बघू नका, देवळाचं वर्षाचं वेळापत्रक बघा. माघात कवळ्याला आणि मंगेशीला दोन्हीकडे जत्रा असतात, त्या दिवसांत हॉल मिळत नाही आणि मिळाला तरी रस्त्यात गाडी हलत नाही. देवस्थानचे नियम लेखी मागून घ्या, बाहेरचा आचारी चालतो का, डेकोरेशनवाला खिळे मारू शकतो का, किती वाजता हॉल रिकामा करायचा.

दुसरं, डिचोली-शिरगाव भागात पाहुणे असतील तर वैशाख शुद्ध पंचमीच्या, म्हणजे शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेच्या आधीचे दिवस टाळा. माझ्या आतेभावाने ती तारीख धरली, त्याच्या मित्रांमधले निम्मे धोंड, म्हणजे लईराईचे भक्त, व्रतात असलेले. ते आले, अक्षता टाकल्या आणि पाण्याचा घोटही न घेता गेले. तो अजून हळहळतो.

म्हापसा

मे महिन्यात लग्न असेल तर जेवणावर बोलते, कारण आमच्याकडे फजिती होता होता राहिली नाही, झालीच. मुहूर्त साडेबाराचा, रांदप्याने, म्हणजे आचाऱ्याने, सोलकढी पहाटे पाचला काढून ठेवली. पहिली पंगत बसेपर्यंत अडीच वाजले. नारळाचा रस त्या उकाड्यात किती टिकणार, माझ्या काकीने वाटी नाकाजवळ नेली आणि तशीच खाली ठेवली, तिने मला काही म्हटलं नाही पण मला तिचा चेहरा आठवतो. दोन मोठी पातेली ओतून द्यावी लागली. खतखतें, मुगागाठी, तोय, मणगणें सगळं उत्तम झालं होतं आणि लोकांच्या लक्षात राहिली ती सोलकढी.

बहिणीच्या लग्नाला मी स्वतः लक्ष घातलं. आगळ, म्हणजे कोकमाचा रस, वेगळं तयार ठेवलं, नारळ किसून बर्फाच्या पेटीत, आणि नारळाचा रस पंगत बसायच्या अर्ध्या तासाआधी काढला. रांदप्याला जास्तीचे दोन हात द्यावे लागले, तेवढेच जास्त पैसे. त्याला मेनू सांगतानाच विचारा की कोणता पदार्थ किती वाजता तयार होणार, नुसतं ताट किती रुपयांना हे विचारून भागत नाही. आणि फुलांचं पण तसंच, अबोली-जायांच्या फाती आदल्या रात्री आणून ओल्या केळीच्या पानात गुंडाळून ठेवा.

काणकोण

बाहेरगावचे पाहुणे विमानाने येणार असतील तर कृपा करून कोणता विमानतळ ते पत्रिकेतच लिहा. २०२३ च्या जानेवारीपासून मोपा सुरू झालाय, तो पार पेडण्यात, गोव्याच्या उत्तर टोकाला, आणि आम्ही दक्षिण टोकाला. माझ्या मामेसासऱ्यांनी स्वस्त मिळालं म्हणून मोप्याचं तिकीट काढलं, आम्ही गाडी दाबोळीच्या जुन्या विमानतळावर पाठवली. सत्तरी ओलांडलेला माणूस उन्हातून अख्खा गोवा कापत आमच्या घरी पोचला तेव्हा हळद उरकलेली. त्यांनी आल्या आल्या नवरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, उशीर झाला गो बाय. मला तिथे उभं राहवेना. तारखा पण बघा, नाताळ ते नवं वर्ष हॉटेलं आणि टॅक्सी दोन्ही परवडत नाहीत.

पर्वरी

रिसेप्शन उघड्या लॉनवर असेल तर रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, हा देशभरचा नियम आहे. आम्ही साडेसातची वेळ दिली, लोक नऊला आले, डीजे रंगात आला आणि पोलीस आले. बाबांना सगळ्यांसमोर गेटवर जाऊन हात जोडावे लागले ते मला सहन झालं नाही. धाकट्या भावाच्या वेळी संध्याकाळी सहाची वेळ छापली, नाच आधी, जेवण नंतर.

डिचोली

मी मुलीची आई. तुम्ही सगळी मुलं लग्नाच्या दिवसाचं लिहिताय, मी त्यानंतरचं लिहिते. पहिल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, जावयाच्या घरी ओझं, म्हणजे माहेरचा फराळ-फळांचा आहेर, न्यायचं असतं हे तुम्हाला ठाऊक आहेच. नेवऱ्या म्हणजे करंज्या, लाडू, फळांच्या करंड्या, वाड्यावर वाटायला पुरेल एवढं. माझ्या थोरलीच्या वेळी आम्ही लग्नाचं कर्ज फिटायच्या आत त्यासाठी सोनं गहाण ठेवलं. कोणी मागितलं नव्हतं हो, पण शेजारणीच्या ओझ्याला टेम्पो आला होता आणि आमचं कमी दिसेल या भीतीने केलं. थोरलीला हे चार वर्षांनी कळलं तेव्हा ती माझ्यावर चिडून रडली, आई मला आधी का नाही सांगितलंस म्हणून.

धाकटीच्या वेळी आम्ही शिकलो. सोयरीक ठरली त्याच बैठकीत मी विहीणबाईंना बाजूला घेऊन विचारलं, ओझ्याचं तुमच्याकडे कसं असतं, आमची ऐपत ही अशी आहे. हात थरथरत होते माझे. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, आमच्या सुनेच्या माहेरहून माटोळीला (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती चौकट) काहीतरी यावं एवढीच माझी हौस. तर यंदाच्या चवथीला आम्ही घरच्या पन्नास नेवऱ्या, पाच नारळ आणि आमच्या कुळागरातला सुपारीचा एक घड घेऊन सरकारी कदंब बसने गेलो. जावयाने तो घड स्वतः शिडीवर चढून माटोळीच्या मधोमध बांधला.