प्रति: ब्लूबेरी कॉब्लर खालून कच्चा राहतो

कॉब्लर, म्हणजे फळांवर पिठाचे गोळे सोडून ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ. त्याला वरून मस्त रंग येतो पण चमचा घातला की खाली गिच्च पीठ, असं तुम्ही म्हणताय. ओव्हनला दोष देऊ नका. गार बेरींवर पीठ घातलं की त्याची खालची बाजू रसात नुसती भिजत बसते. आधी फक्त फळं १९० अंश सेल्सिअसवर पंधराएक मिनिटं ठेवा. कडेने रस सुटून गरम झाला की मगच चमच्याने पिठाचे गोळे सोडा, आणि मध्ये फटी राहू द्या, म्हणजे वाफ कोंडत नाही. फ्रोजन बेरी असतील तर वितळवायच्या भानगडीत पडू नका, फक्त थोडा वेळ जास्त द्या.

लिंबू घालूनही वास येत नाही, असंही तुम्ही म्हणताय. कारण तुम्ही नुसता रस घालताय. खरा वास सालीत असतो. किसणीवर वरवरचा पिवळा भागच किसा, पांढरं आलं की कडू झालंच. तो कीस साखरेत बोटांनी चोळा. साखर ओलसर, पिवळट होते आणि घमघमाट सुटतो. ब्लॅकबेरी असेल तर मी संत्र्याची साल घेते, ब्लूबेरीला मात्र लिंबूच.

या चर्चेत वर कुणीतरी कॉब्लरमधल्या हिरवट डागांबद्दल विचारलंय. ती बुरशी नव्हे हो! पिठातला सोडा जास्त झाला की ब्लूबेरीचा जांभळा रंग तिथे हिरवट होतो. सोडा कमी करा किंवा पीठ बटरमिल्कमध्ये भिजवा.

आणि मधोमध जाड, संथ बुडबुडे येईपर्यंत बाहेर काढू नका, नाहीतर फळांचा रस दाट करायला घातलेलं कॉर्नस्टार्च आळत नाही. मग अर्धा तास तरी हात लावायचा नाही. आइस्क्रीम त्यानंतर.