आधी मिश्रणदाब मोजा

जुन्या तेलक्षेत्रात उरलेलं तेल काढायला जमिनीखाली कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि तो तेल पिस्टनसारखं पुढे ढकलतो, असं म्हटलं जातं. ढकलणं हा त्यातला छोटा भाग. ३१ अंश सेल्सिअस आणि साधारण ७४ बारच्या वर हा वायू द्रवासारखा दाट होऊ लागतो. तो तेलात विरघळला की तेल फुगतं, पातळ होतं. खडकातला दाब किमान मिश्रणदाबापेक्षा, म्हणजे वायू आणि तेल एकमेकांत पूर्ण मिसळायला लागणाऱ्या सर्वांत कमी दाबापेक्षा, जास्त असेल तरच दोन्ही एकजीव होतात आणि छिद्रांत अडकलेलं तेल सुटतं. हा मिश्रणदाब त्याच क्षेत्राच्या तेलावर, खडकाच्याच तापमानाला, स्लिम ट्यूब चाचणीने (वाळू आणि तेल भरलेल्या लांब, बारीक नळीतून वायू सोडून) मोजावा. वायूत मिथेन किंवा नायट्रोजन मिसळलेला असेल तर मिश्रणदाब वाढतो, आणि हेच नेमकं विसरलं जातं.

खरी डोकेदुखी पुढे आहे. वायू तेलापेक्षा खूप पातळ, त्यामुळे जास्त पारगम्य, म्हणजे सहज वाहू देणाऱ्या, थरातून वाट काढून तो थेट उत्पादन विहिरीत निघतो. म्हणून पाणी आणि वायू आलटूनपालटून सोडतात. पण पाणी भेटलं की कार्बोनिक आम्ल तयार होऊन साधं पोलाद खाल्लं जातं. इंजेक्शन विहिरीत, म्हणजे ज्यातून वायू आणि पाणी आत सोडतात तिथे, आतून अस्तर दिलेली किंवा गंजरोधक मिश्रधातूची नळी हवी. टेक्सासच्या सॅक्रॉक तेलक्षेत्रात कार्बन डायऑक्साइड सोडणं १९७२ मध्ये सुरू झालं. तेलासोबत परत आलेला वायू वेगळा करून, सुकवून, दाबून पुन्हा सोडायची यंत्रणा सुरुवातीच्याच खर्चात धरा.